फॅक्टरीत सांगून बनवलेली

ज्या डोंगरांवर डास नसतात, तिथल्या बैलांची कातडी चांगली.

माझ्या आईच्या सगळ्या चपला प्लास्टिकच्या.

एलईडीची भिंत भाड्याने देणारा माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, उजेडातसुद्धा स्वच्छ दिसतं.

मोठा जिताडा परातीत मावत नाही. शेपूट बाहेर राहतं.

मखमली कव्हराला खालून इलॅस्टिक असतं.

तळोजाकडून वारा आला की आम्ही खिडक्या लावतो आणि बोलणं चालू ठेवतो.

गाठ सोडणं वेगळं, दोरा तुटणं वेगळं.

हे सगळं एकाच गाडीबद्दल आहे.

*

गाडी माझ्या भावाची, मितेशची. कागदावर आईची, कारण जमिनीचा मोबदला आईच्या नावावर आहे आणि सही तिचीच लागते. आमचं गाव आता पनवेलला इतकं चिकटलंय की रिक्षावाले विचारतात, यात गाव कुठलं? मी रंजिता. लग्न करून खारघरला गेले. माहेरी दर रविवारी येते.

आई, म्हणजे कमळाबाई, माळकरी. बाबा होते तेव्हा दारात दोन बैल होते, मोऱ्या आणि चांद्या. शेत गेलं, बैलांना काम उरलं नाही. बाबांनी ते एका व्यापाऱ्याला दिले. व्यापारी म्हणाला, नाशिकच्या शेतकऱ्याकडे जातील. टेम्पो नाशिकच्या रस्त्याला लागला नाही. आईने तो वळेपर्यंत पाहिला आणि त्याच आठवड्यात ती काशिरामबुवांकडे जाऊन तुळशीची माळ घालून आली. बुवा म्हणाले, मासे सोड, मटण सोड. आणि ज्यांनी तुला पोसलं त्यांचं कातडं अंगाला लागू देऊ नकोस.

आगऱ्याच्या घरातल्या बाईने मासे सोडले. आमच्या दारात सुकटीचा वास असतो, तिच्या ताटात नसतो. चामड्याचं तिने त्याहून कडक पाळलं. बाबांचा पट्टा बाहेर पडवीत टांगलेला, त्यांच्यामागेही तिथेच. माझी लग्नातली पर्स तिने काठीने उचलून ओट्यावर ठेवली होती.

तिचा भाऊ जगनमामा तिला चिडवायचा. "ताय, भजनात तो मृदंग वाजतो, त्याला काय प्लास्टिक लावलंय?"

"तो देवाच्या म्होरं वाजतो," आई म्हणायची. "माज्या बुडाखाली नाय."

*

आधी इथली गाडी आली होती.

शैलेश आमच्याच गावचा, हायवेवरच्या शोरूममध्ये गाड्या विकतो. त्याने एक उंच, पांढरी, इथेच तयार झालेली गाडी दारात आणून उभी केली. आईला पुढे बसवून खारघरपर्यंत फेरी मारून आणली. मग घरात येऊन चहा घेतला.

"काकी, खाली पायरी लावून देतो, गुडघ्यांना त्रास नाय. सीट कापडी हाय. काय बिघडलं तर वर्कशॉप कळंबोलीला, आन मी तर इथंच हाय. कुठं पळून जानार?"

मितेशने मोबाइलमधून डोकं काढलं नाही. "कापडी सीट म्हणजे खालचं मॉडेल ना रे?"

"मधलं आहे, मितेशभाऊ."

"तेच ते."

शैलेशने कप खाली ठेवला. मितेश आता आईकडे वळला. त्याचा आवाज अशा वेळी कीर्तनकारासारखा होतो.

"आई, शोरूममधली गाडी म्हणजे दुसऱ्याने निवडलेली गाडी. उरलेली. आपण काय उरलेलं घ्यायचं? थेट फॅक्टरीत सांगायचं. जर्मनीला. ते आपल्यासाठी बनवणार. एक एक गोष्ट विचारून."

"शिंप्याला मापं देतात तशी?" मामाने विचारलं.

"तसंच समज."

"मग बाह्या जरा सैल ठेवायला सांग."

मितेश हसला नाही. "आई, तुला चामडं चालत नाही. या लोकल गाडीत कुठे काय लावलंय, याला तरी माहीत आहे का? स्टेअरिंगवर काय आहे रे, शैलेश?"

शैलेशने खिशातलं माहितीपत्रक उघडलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"बघितलंस? तिकडे आपण सांगायचं, चामडं नको, म्हणजे नको. लिहून देतात."

आईने शैलेशकडे पाहिलं. तिला त्याची दया आली असावी. पण हे चामड्याचं तिला पटलं. आपल्या नेमासाठी कुणी सातासमुद्रापार कारखान्यात निरोप पाठवतंय, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"चामडं नको," ती म्हणाली. "बाकी तुमाला काय लावायचं ते लावा."

तिने सही केली.

*

रंग.

मितेशने लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. पडद्यावर एक गाडी हळूहळू गोल फिरत होती, मुलगी दाखवतात तशी.

आई म्हणाली, "पांढरा."

मितेशने राखाडी दाबला. "हा पण पांढराच आहे. पावसाळ्यातला."

पुढे.

चाकं. मितेशने निवडली.

पुढे.

आतला दिवा. त्याचे इतके रंग होते की मामा म्हणाला, "लग्नाचा मांडव गाडीच्या आतच घालायचा काय?"

पुढे.

सीट.

मितेशने कृत्रिम चामडं निवडलं, बोट ठेवून आईला दाखवलं. "बघ. बैल नाही, काही नाही. कारखान्यात बनतं. तळोजाला बनतं तसं."

"वास बी तलोज्यासारखा येल काय?" मामा म्हणाला. आई तोंडाला पदर लावून हसली.

निवड जतन झाली.

*

मग वाट. वाट बघण्याचासुद्धा मितेशने समारंभ केला. गाडी रंगायला गेली, त्याचा मेसेज. गाडी जहाजावर चढली, त्याचा मेसेज. शैलेशने दाखवलेली ती पांढरी गाडी एव्हाना गावातल्याच दुसऱ्या घरी गेली होती आणि रोज भाजी आणत होती.

जहाज लागलं आणि गाडीचा कंटेनर जासईच्या एका यार्डात अडकला. कागद, शिक्के, आणखी कागद. त्या यार्डाच्या जागेवर आईच्या माहेरचं मिठागर होतं. मितेश आईला आणि मामाला भाड्याच्या गाडीतून तिथे घेऊन जायचा आणि भिंतीपलीकडच्या कंटेनरच्या थप्प्यांकडे बोट करायचा. यातल्या एकात आपली आहे.

"आपल्याच मिठागरात हुबी," मामा म्हणाला, "आन आपल्याला गेटवर आधार कार्ड इचारतात."

आई भिंतीकडे बघत होती. "हितं उघडी होती," ती म्हणाली. उघडी म्हणजे खाडीचं पाणी आत घेण्याचं दार. मितेशने गाडीची काच वर केली. एसी चालू होता.

*

ज्या दिवशी गाडी गावात आणली, त्या दिवशी मितेशने वेशीपासून मिरवणूक काढली. पुढे बँजो. मागे मुलं. आई पुढच्या सीटवर, चपला हातात, कारण नवी गाडी म्हणजे देवासारखी असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी मागे बसले होते. गाडी बुटकी होती. आईला आत बसवताना मितेशने एका हाताने तिचं डोकं खाली दाबलं, पोलीस दाबतात तसं.

तिने सीटवर हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"किती मऊ हाय," ती म्हणाली. "लोन्यासारखी. काय कापड हाय रं हे?"

"स्पेशल बनवून घेतलंय," मितेश म्हणाला. त्याने बँजोवाल्यांना हात केला आणि काच खाली घेऊन ओरडला, "वाजवा रे, झोपलात काय!"

आतला वास मला तेव्हाच आला होता. नवा, गोड, जड. नव्या गाडीला असतोच, असं मी मनात म्हटलं. मनात म्हणण्यासारखं काही असलं की माणूस बाहेर बोलत नाही.

*

घरासमोर मांडव होता. हळदीला घालतात तेवढाच मोठा. गाडी मधोमध, बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. तिच्या मागे एलईडीची भिंत. आमच्याकडे हळदीला त्या भिंतीवर नवऱ्यामुलाचे फोटो फिरतात. मितेशने गाडीचा सिनेमा लावायचा ठरवलं होतं.

फॅक्टरीत सांगून गाडी बनवून घेतली की कंपनी ती बनतानाची फिल्म पाठवते. शोरूममधून उचललेल्या गाडीची कुणी फिल्म पाठवत नाही. म्हणूनच मितेशला ती लावायची होती. त्याने स्वतः मोबाइलवर पहिलं मिनिटभर पाहिली होती. रोबो, ठिणग्या, पत्रे. बास, त्याने ओळखलं, भारी आहे.

दिवे लागायच्या वेळेला त्याने माइक घेतला. "लोकांनी गाड्या घेतल्या. आम्ही बनवून घेतली!"

टाळ्या. आई पहिल्या रांगेत, गळ्यात माळ, मांडीवर हात. काशिरामबुवांना बोलावलं होतं, पण त्यांचं दुसऱ्या गावी कीर्तन होतं.

भिंतीवर ठिणग्या उडाल्या. बँजोवाल्यांनी त्यावर ठेका धरला. पत्रे वाकले, यंत्रांचे हात वर-खाली झाले. मुलं ओरडली. मग चित्र बदललं. डोंगर. हिरवं गवत. त्यावर बैल, गुबगुबीत, कानात पिवळे बिल्ले.

"अरे वा, बैलगाडी पण देतात काय बरोबर?" मामा ओरडला. मांडव हसला.

मग एक लांब टेबल. टेबलावर एक आख्खं कातडं पसरलं. पाय चारी दिशांना. मान कुठली, शेपटाची जागा कुठली, सगळं कळत होतं. पांढऱ्या कोटातली बाई त्यावरून तळवा फिरवत होती. अगदी तसाच, जसा दुपारी आईने फिरवला होता. खाली अक्षरं आली. इंग्रजीत. उंच डोंगरावरचे बैल, तिथे डास नाहीत, काटेरी कुंपण नाही, म्हणून कातड्यावर एकही डाग नाही.

बँजो वाजत राहिला. वाजवणाऱ्यांची पाठ भिंतीकडे होती.

सुरी फिरली. कातड्याचे तुकडे झाले. तुकड्यांना शिलाई बसली. सीट तयार झाली. राखाडी गाडीत बसली. पाटीवर मितेशचं नाव आलं.

आईने मामाकडे वळून विचारलं, "जगन, ते काय हाय?"

मामाने माझ्याकडे बोट केलं.

"रंजू, तू वाच."

मी वाचलं. मराठीत सांगितलं. डासांसकट.

आई पुन्हा भिंतीकडे बघू लागली, पण फिल्म संपून पहिल्यापासून सुरू झाली होती. ती थांबली. ठिणग्या गेल्या, डोंगर आले, कातडं आलं. ती उठून जवळ गेली. तिच्या पांढऱ्या लुगड्यावर तो सगळा रंग पडला.

"मानंवर घट्टा नाय," ती म्हणाली. "उभ्या जल्मात जू नाय बसलं याच्या मानंवर. वासरूच हाय हे."

मितेश धावत आला. त्याने एलईडीवाल्याला हाताने बंद कर बंद कर केलं. एलईडीवाल्याला वाटलं, आवाज वाढव म्हणतोय.

"आई, ते नुसतं दाखवायला असतं. सगळ्या गाड्यांची एकच फिल्म."

"तुजं नाव हाय त्येच्यावर."

"बरं, हो. बदललं मी नंतर. ऑर्डर पक्की व्हायच्या आधी. मित्र काय म्हणाले माहीत आहे? जर्मनीची गाडी आणि आत रेक्झिन? लोकांना काय सांगायचं होतं मी?"

"मला काय सांगितलंस?"

मितेशने माइक बंद नव्हता केला. सगळा मांडव ऐकत होता. आणि मग तो जे बोलला ते मी विसरू शकत नाही, विसरायचं असूनही.

"आई, ते तिकडचे बैल आहेत. आपले नाहीत."

*

ती बोअरच्या नळाखाली बसली. लुगड्यासकट, मांडवाच्या कडेला, माणसं पुलाव खात असताना. मी बादली धरली. तिने उजवा तळवा घासला, नारळाच्या शेंडीने, राखेने, मग नुसत्या दगडाने. मी थांबवलं तेव्हा तळवा सोलला होता. ओल्या बोटांनी तिने मानेमागची गाठ सोडली. तोडली नाही. सोडली. माळ तुळशीवृंदावनावर ठेवली.

मांडवात कुणीतरी गाडीसोबत सेल्फी काढत होतं. कुणी आत बसूनही बघत होतं. दार उघडं, आतला दिवा जांभळा. "मऊ आहे रे," आतून आवाज आला.

मी म्हटलं, "माझ्याकडे चल खारघरला."

आईने माझ्या खांद्यावरच्या पर्सकडे पाहिलं.

"ही कशाची हाय, बाय?"

मी पर्स पाठीमागे घेतली.

*

सकाळी मितेश जिताडा मासा घेऊन आला. उरणहून कुणाकडून तरी सांगून आणवलेला, एवढा की परातीत मावेना. वहिनीने तुकडे केले, रस्सा केला. दुपारी मितेशने स्वतः आईला ताट वाढलं. तुकडा मधला, पोटाचा, आमच्यात मानाचा.

"आता माळ नाही ना गळ्यात," तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, खरंच मऊ. "किती वर्षं मन मारलंस, आई. खा आता."

त्याला वाटत होतं, तो आईचं भलं करतोय. त्याच्या चेहऱ्यावर इतकं प्रेम होतं की मला उठून मोरीत जावं लागलं.

परत आले तेव्हा आई भातावर ताक ओतून घेत होती. तुकडा तिने ताटातून मांजराच्या वाडग्यात सरकवला होता. मितेश मांजराकडे बघत होता. मांजर खात होतं.

*

मग कव्हरं. पनवेलला पुलाखाली एकजण गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. मितेशने त्याच्याकडून लाल मखमलीची शिवून घेतली, कडेला सोनेरी दोरी. जर्मनीहून बनवून आणलेल्या सीटवर पुलाखालची मखमल. इलॅस्टिक खालून ओढून बसवलं.

"हे बघ, आई. कापड. शैलेशच्या गाडीत होतं त्याहून भारी."

"आन खाली?"

"खालचं कोण बघतंय?"

आई बसली नाही. बाजारात जायचं असेल तर ती कोपऱ्यापर्यंत चालत जायची आणि रिक्षा करायची. मितेशची गाडी रिक्षाच्या मागून यायची, हळू, हॉर्न न देता, सगळ्या गावाला दिसेल अशी. मग मितेशने शेवटचा उपाय काढला. काशिरामबुवांना आणायचं. बुवांनी पुन्हा माळ घातली की विषय संपला.

मी त्या रविवारी तिथेच होते. आईने अंगण शिंपलं, रांगोळी काढली, बुवांचे पाय धुवायला तांब्या भरून ती दारात उभी राहिली. ती पहाटेपासून दोनदा आरशात बघून आली होती. रिकाम्या गळ्याची तिला सवय होत नव्हती. झोपेतसुद्धा हात तिथे जातो, असं ती मला म्हणाली होती. माळ परत हवी होती तिला. इतक्या मनापासून तिने माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं, आणि हेही मागितलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

गाडी आली. मितेश चालवत होता. पुढच्या लाल सीटवरून बुवा उतरले. बुटक्या गाडीतून उतरताना त्यांना एक हात सीटवर टेकावा लागला.

आई तांब्या धरून उभीच.

"बुवा, तुमी यातून आलात?"

"गुडघे धरलेत, कमळाबाई. मितेशने आग्रह केला."

"ठावं हाय तुमाला, आत काय हाय?"

"सांगितलं त्याने सगळं." बुवा हसले. "वर मखमल आहे. आणि हे बघ, अजाणतेपणी घडलं. जे डोळ्यांना दिसत नाही त्याचा दोष लागत नाही."

"टेम्पो वळला त्येच्या म्होरचं मला बी नवतं दिसलं," आई म्हणाली. "तवा तुमीच बोललात, कातडं अंगाला लागू देऊ नको."

बुवांनी मितेशकडे पाहिलं. कसला टेम्पो, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"असं बोललो असेन मी. किती माणसं येतात, कमळाबाई. माळेचा नेम म्हणजे मांस आणि मद्य. चामड्याचं तू फार मनाला लावून घेतलंस."

त्यांनी झोळीतून नवी माळ काढली. मणी बारीक, कोरे. त्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली.

मितेश म्हणाला, "वाक ना, आई."

आईची मान जराशी पुढे आली. मी पाहिलं. खरंच आली. मग तिने बुवांच्या हातांकडे पाहिलं, ज्यातला एक आत्ताच त्या सीटवर टेकला होता, आणि ती सरळ झाली. पाय धुवायचं पाणी तिने तुळशीला घातलं.

"ऱ्हाऊ द्या, बुवा," ती म्हणाली. "चा ठेवते. बिनसाखरेचा ना तुमाला?"

तिने चहा दिला, कपबशीत, नीट. बुवांनी तो फुंकून फुंकून संपवला. मितेश त्यांना परत सोडायला गेला. बुवा त्याच लाल सीटवर बसले, माळ झोळीत. आई वृंदावनाशी उभी राहून जुनी, पावसात काळी पडलेली माळ बोटांनी चाचपत होती. ती गळ्यात घातली नाही. घालायला आता कुणी नव्हतं.

सही व्हायच्या आधी, शैलेशच्या त्या पांढऱ्या गाडीतून खारघरला फेरी मारून येताना, उत्सव चौकाच्या वळणावर, आई कापडी सीटवर झोपली होती.